उच्च दाबाचा धातूंतील इलेक्ट्रॉनरचनेवर परिणाम

उच्च दाबाखाली धातूतील अणू एकमेकांच्या जवळ येतात, त्यांच्या बाह्य इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांचा क्रम बदलतो आणि त्यासोबत धातूचे गुणधर्मही बदलतात. हे दाब गिगॅपास्कलमध्ये मोजतात. १ गिगॅपास्कल म्हणजे वातावरणीय दाबाच्या सुमारे १०,००० पट.

कारण : आतील भरलेली कवचे सहजी दबत नाहीत. अणू जवळ येताच बाह्य इलेक्ट्रॉनांना मिळणारी जागा आक्रसते आणि त्यांची ऊर्जा वाढते. एस-कक्षकाची ऊर्जा डी-कक्षकापेक्षा वेगाने वाढत असल्याने काही इलेक्ट्रॉन एसमधून डीमध्ये जातात.

उदाहरणे : सीझियममध्ये सुमारे ४.२ गिगॅपास्कलला घनफळ एकाएकी घटते. एन्रिको फेर्मी यांच्या सूचनेवरून स्टर्नहायमर यांनी १९५० मध्ये याचा संबंध ६एस इलेक्ट्रॉन ५डीमध्ये जाण्याशी जोडला. पोटॅशियमही असेच वागते. एरवी निकेलशी संयोग न पावणारे हे मूलद्रव्य सुमारे ३० गिगॅपास्कलच्या पुढे त्याच्याशी संयुग बनवते.

सिरियममध्ये ४एफ इलेक्ट्रॉन महत्त्वाचा ठरतो. सामान्य तापमानाला सुमारे ०.८ गिगॅपास्कलवर त्याचे घनफळ १५ टक्क्यांच्या आसपास कमी होते, पण अणूंची फलक-केंद्रित घन मांडणी कायम राहते. ४एफ इलेक्ट्रॉन बंधनात उतरतो म्हणून, की वहन-इलेक्ट्रॉनांशी त्याची आंतरक्रिया वाढते म्हणून, याबाबत दोन मते आहेत.

सोडियमचे वर्तन सर्वांत अनपेक्षित आहे. त्याचा वितळबिंदू सुमारे ३० गिगॅपास्कलपर्यंत चढून १,००० केल्व्हिनच्या आसपास पोहोचतो, मग उतरत उतरत सुमारे ११८ गिगॅपास्कलला सामान्य तापमानाजवळ येतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनुसार सुमारे २०० गिगॅपास्कलला, मूळ घनतेच्या पाचपट दाटीत, सोडियम पारदर्शक आणि विद्युत् निरोधक बनते. या अवस्थेत इलेक्ट्रॉन अणूंमधील मोकळ्या जागांत साचतात व मुक्तपणे वाहत नाहीत. दाब वाढला की पदार्थ अधिकाधिक धात्विक होतो, हा नियम इथे लागू पडत नाही. कॅल्शियममध्ये मात्र दाबामुळे अतिसंवाहकता निर्माण होते.

अभ्यास : पर्सी ब्रिजमन यांना उच्च दाबावरील संशोधनासाठी १९४६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये सूक्ष्म नमुना दाबणारे उपकरण आल्यावर शेकडो गिगॅपास्कलपर्यंत जाता आले. हिरे पारदर्शक असल्याने प्रकाश व क्ष-किरण यांनी नमुना तपासता येतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सिक्का, व्होरा व चिदंबरम यांनी टिटॅनियम गटातील धातूंच्या ओमेगा नावाच्या उच्च दाबाखालील अवस्थेचा अभ्यास केला.