कोल्हापूर वस्तुसंग्रहालय (टाउन हॉल)

कोल्हापूर जिल्ह्याच्या प्राचीन अवशेषांचे व कलाकृतींचे शासकीय संग्रहालय. गगनबावड्याहून सुमारे ५५ किमी. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवरील उत्खननात सापडलेल्या वस्तू जपण्यासाठी १९४६ मध्ये ते स्थापन झाले. पुढे चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेल्या, १८७२–७६ दरम्यान बांधलेल्या टाउन हॉलमध्ये आले.

संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे सातवाहनकालीन थरात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती. तळहातावर मावेल एवढीच. हातातला त्रिशूळ हरवला आहे, पण अंगाचा डौल आणि स्नायूंची घडण अजून जिवंत वाटते. तिच्यासोबत रोमन पद्धतीची कांस्यभांडी आणि आरसाही मिळाला. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे हा देव पोचला तो बहुधा व्यापाऱ्यांच्या सामानातून. कोकणातल्या बंदरांतून घाटमाथ्यावर येणाऱ्या मालाची एक वाट गगनबावड्याच्या डोंगररांगेतून जात असावी. म्हणून घाट उतरण्याआधी गगनबावड्याच्या प्रवाशाने ही मूर्ती जरूर पाहावी.

ब्रह्मपुरीचे उत्खनन १९४५-४६ मध्ये ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी केले, त्याआधी प्रा. कुंदनगार यांनी तेथे काम केले होते. संग्रहात शिल्पे, शस्त्रे, नाणी व आबालाल रहिमान यांची चित्रेही आहेत.