ओवींतील ख्रिस्तजन्म

डिसेंबरची थंडी पडूं लागली म्हणजे मालवण, वेंगुर्लें, सावंतवाडी या भागांतील ख्रिस्ती घरांवर कागदी ताऱ्यांचे दिवे लागतात. गवताचा गोठा उभारून त्यांत बाळ येशूची मूर्ति निजवितात. नेवऱ्या आणि दोदोल यांचें ताट हिंदु शेजाऱ्याकडे जातें. चतुर्थीला त्याच शेजाऱ्याच्या घरून ताट आलेलें असतें. या देवघेवींत कोणी कोणास उपदेश करीत नाहीं. परंतु हा गोठा कशाचा, असें शेजारचें पोर विचारतेंच. आणि मग बेथलेहेमांतील त्या रात्रीची कथा मालवणी बोलींत सुरू होते.

हीच कथा मराठींत प्रथम विस्तारानें सांगितली गेली ती तेरेखोल नदीच्या पलीकडे, गोव्यांत. आणि ती सांगणारा होता एक इंग्रज. फादर थॉमस स्टीफन्स याचा जन्म इंग्लंडांत सुमारें १५४९ मध्यें झाला. जेझुइट संघांत प्रवेश करून तो १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास पोंचला आणि १६१९ मध्यें मृत्यु येईपर्यंत, चाळीस वर्षें, तेथेंच राहिला. त्यांतील बहुतेक काळ साष्टी प्रांतांत गेला. या भूमीच्या भाषांनीं त्याला मोहिनी घातली. त्यांची घडण ग्रीक व लॅटिन यांच्याशीं जुळते, असें त्यानें १५८३ मध्येंच आपल्या भावास कळविलें होतें.

त्याचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. सुमारें ११,००० ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग असून दुसऱ्यांत ख्रिस्ताचा जन्म, चरित्र आणि मरण वर्णिलेलें आहे. देवनागरी खिळे मिळावेत म्हणून त्यानें १६०८ मध्यें रोमकडे विनंति केली होती; ते न मिळाल्यामुळें मराठी ओवीला रोमन लिपीचा पोशाख चढवावा लागला. ग्रंथाची मांडणी मात्र अस्सल देशी आहे. पाद्री पुराणिकाप्रमाणें बोलतो, श्रोते मध्येंच शंका विचारतात, आणि स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलें जातें. ग्रंथाच्या आरंभीं एक ब्राह्मण श्रोता म्हणतो, कीं जुनीं पुराणें आम्हांस वर्ज्य केलीत, तर त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें कांहीं द्या.

या एका मागणींत त्या काळाची सारी व्यथा सांठविली आहे. १५६७ मध्यें साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. १५६० पासून गोव्यांत इन्क्विझिशनचा दरारा होता. १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें चिडलेल्या गांवकऱ्यांनीं पांच जेझुइटांस ठार केलें. पुढें सरकारनें गांवच्या प्रमुखांस बोलावून कपटानें मारिलें. स्टीफन्स याच सत्तेच्या छायेंत राहिला, आणि त्याच्या श्रोत्यांतील कित्येकांना श्रोता होण्यावांचून गत्यंतर नव्हतें, हें इतिहासानें लपवितां कामा नये. हातांत तलवार असणाऱ्याचा मित्र गोड बोलला, तरी ऐकणाऱ्याचें मन निःशंक कसें व्हावें?

तरीहि पुढें जें घडलें तें विचार करण्याजोगें आहे. १६८४ मध्यें व्हाइसरॉयनें देशी भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकण्याचा हुकूम काढिला. ज्या सत्तेच्या आश्रयानें ‘ख्रिस्तपुराण’ निघालें, तीच त्याच्या भाषेवर उठली. १६१६, १६४९ व १६५४ या तीनही छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज ज्ञात नाहीं. परंतु गोवा सोडून कर्नाटकांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं हस्तलिखितें जपलीं, आणि त्यांवरून १९०७ मध्यें मंगळूर येथें हें पुराण पुनः छापलें गेलें. पुढें लंडनमध्यें देवनागरी हस्तलिखितहि आढळलें. हुकूम विरले, ओवी राहिली. ती राहिली, कारण लोकांनीं ती कोणाच्या आज्ञेवांचून, आवडीनें सांभाळली.

तेरेखोलच्या अलीकडे चित्र निराळें होतें. गोव्यांतून निरनिराळ्या कारणांनीं आलेलीं ख्रिस्ती कुटुंबें सावंतवाडीच्या भोसल्यांच्या राज्यांत वसलीं. येथें राजा हिंदु होता. धर्म पसरविण्यास शिपाई नव्हता, जप्ती नव्हती. श्रद्धा सांगावयाची तर शेजारधर्मानेंच सांगणें भाग होतें. आज सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. २००५ मध्यें स्थापन झालेल्या या प्रांताचें मुख्य मंदिर सावंतवाडीस आहे. पण त्याची खरी पायाभरणी त्या ताटांच्या देवघेवीनें फार पूर्वींच केली होती.

श्रद्धा दुसऱ्यापर्यंत पोंचवावयाची तर ती त्याच्या भाषेंत सांगावी, हें स्टीफन्सनें ओळखिलें. ती नाकारण्याची मोकळीकहि त्याला असावी, ही दुसरी गोष्ट त्याच्या काळाला साधली नाहीं. मालवणच्या किनाऱ्यावर नाताळच्या रात्रीं शेजारचें पोर गोठा पाहतें, कथा ऐकतें, नेवरी खातें आणि आपल्या घरीं परत जातें. त्या घरांतील देव्हाऱ्यापुढेंहि दिवा तेवत असतो, आणि कथा सांगणाऱ्याला त्याचें वैषम्य वाटत नाहीं.