ओटी, माजघर व दिवाणखाना

अतिथीला देव मानावे, असे आपण पिढ्यान् पिढ्या मुलांना शिकवीत आलो आहोत. तथापि हा देव घरात कोठपर्यंत येऊ शके, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. त्याचे उत्तर ग्रंथांत शोधण्यापेक्षा आपल्या जुन्या घरांच्या रचनेत शोधणे अधिक फलदायी ठरेल.

कोकणातील मध्यम स्थितीचे घर घेऊ. पुढे सारवलेले अंगण, मग पडवी, एकदोन पायऱ्या वर ओटी; ओटीच्या आत माजघर, पलीकडे देवघर व स्वयंपाकघर, आणि शेवटी मागील पडवी व परसू. ओटी घराचाच भाग. पण तिला पुढच्या बाजूने भिंत नसे. लाकडी खांब आणि फार तर कठडा एवढाच काय तो आडोसा. पावसाळ्यात नारळीच्या झावळ्यांचे झाप पडवीला बांधीत, ते पागोळ्यांसाठी, माणसांसाठी नव्हे. आलेल्या मनुष्याने पायांवर पाणी घ्यावे, अंथरलेल्या घोंगडीवर टेकावे, आणि गूळ-पाणी झाल्याखेरीज त्याला येण्याचे कारण विचारू नये, असा शिष्टाचार होता. मग पानाचे तबक पुढे येई व अडकित्ता हातोहात फिरे. ज्या झोपाळ्यावर यजमान दुपारची डुलकी काढी, त्याच झोपाळ्यावर संध्याकाळी सोयरिकीची बोलणी होत. विश्रांतीची जागा व आतिथ्याची जागा एकच होती. कारण विश्रांती ही चारचौघांत घ्यावयाची गोष्ट आहे, असेच लोक समजत.

परंतु हे चारचौघे कोण? त्यांत घरातील स्त्री नव्हती. पाहुणा ओटीवर असता तिने दाराआडून बोलावे व तांब्या उंबरठ्याशी ठेवावा. तिची बैठक माजघरात. माजघर म्हणजे घराचा मध्यभाग, आणि म्हणूनच बहुधा सर्वांत काळोखी खोली. तेथे हळदीकुंकू होई, बाळंतिणीला भेटावयास बायका येत, मने मोकळी होत. तिची विश्रांती मागील पडवीत. आणि तीही तांदूळ निवडता निवडता किंवा वाती वळता वळता. हात रिकामे ठेवून बसलेली सून पाहण्याची त्या घरांना सवय नव्हती.

दुसरी मर्यादा जातीची. समान मानलेल्यांना घोंगडी, काहींना पडवीची कड, आणि अस्पृश्य मानलेल्यांना अंगणाच्या टोकाशी उभे राहणे. त्यांना पाणी वरून ओतले जाई, चहा दिलाच तर करवंटीत. आपल्या ज्ञातीची घरे यास अपवाद होती असे लिहिण्याचा मोह स्मरणिकेच्या पानावर होणे साहजिक आहे. पण ते खरे होणार नाही. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता रद्द केली. कित्येक ओट्यांच्या पायऱ्यांनी मात्र त्यानंतरही बराच काळ ती पाळली.

देशावरील वाड्याची मांडणी निराळी असली तरी तत्त्व तेच. दिंडी, देवडी, चौक, ओसरी, आणि वर दिवाणखाना. 'दिवाणखाना' हा शब्द फारसी असून तो दरबाराशी निगडित आहे; म्हणून तेथे लोड-तक्क्यांची बैठक असली तरी बसणारा मांडी सावरूनच बसे. आराम खाली ओसरीवर. (दुसऱ्या बाजीरावाने पुण्यात बांधलेल्या वाड्याचे नाव विश्रामबाग, त्याच वाड्यात इंग्रजांनी १८२१ साली संस्कृत पाठशाळा उघडली. आम्हां शिक्षकांना या योगायोगाचे हसू येते.) १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील कितीतरी वाडे कोसळले, राहिलेल्यांपैकी अनेकांच्या जागी पुढे इमारती उठल्या.

मुंबईस गेलेल्यांना ओटी मिळाली नाही, चाळीची गॅलरी मिळाली. एका खोलीत सारा संसार. त्यामुळे बैठक दाराबाहेर आली. येथे एक मोठी गोष्ट घडली, तिची नोंद इतिहासात क्वचितच घेतली जाते. माजघरच नसल्यामुळे स्त्रीही उजेडात येऊन बसली. भाजी निवडणारी बाई आणि वर्तमानपत्र वाचणारा गृहस्थ एकाच कठड्याशी दिसू लागले. सुधारकांनी व्याख्याने देऊन जे साधले नाही, ते जागेच्या टंचाईने काही अंशी साधले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे ब्लॉक आले आणि बैठकीच्या खोलीस हॉल म्हणू लागले. त्यात सोफा आला. या शब्दाचे मूळ अरबी भाषेत असून त्याचा अर्थ ओटा असा आहे. म्हणजे नावाने तरी ओटी घरात आली. तिच्यावर आज सासू व सून शेजारी बसतात, कोणी दाराआड उभे राहत नाही. हा लाभ लहान नव्हे. पण २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस दूरदर्शन सुरू झाले आणि हळूहळू आसनांची तोंडे एकमेकांकडून त्या पेटीकडे वळली. दाराला साखळी व भोक आले. आधी फोन केल्याविना जाणे आता अशिष्ट ठरते, आणि नाव-गाव ठाऊक नसलेल्या वाटसरूला बसवील अशी जागा त्या घरात उरलेली नाही.

गावी जी नवी घरे ज्ञातिबांधव बांधीत आहेत, त्यांना हौसेने ओटी ठेवतात, झोपाळाही टांगतात. मात्र खांबांच्या मधून आता लोखंडी जाळी बसविलेली असते, आणि घर वर्षातून गणपतीचे व मे महिन्याचे काही दिवस सोडले तर तिला कुलूप असते.