जुहूच्या बंगल्यांतील जुळणी

जुहू म्हटले की वाळू, नारळी आणि भेळेच्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. आम्हां सुतारांस मात्र या गावाची ओळख निराळीही आहे. १९२८ साली येथे विमानतळ झाला. त्या काळच्या मॉथ विमानाचे धड स्प्रूसच्या सांगाड्यावर प्लायवूड बसवून केलेले असे. एका थराच्या तंतूंवर दुसऱ्याचे तंतू आडवे, म्हणून ते सहसा चिरत नसे. पुढे जुहू-पार्ले योजनेत बंगले उठले, तेव्हा लाकडाचे तेच पातळ पान भिंतींवर व कपाटांवर चढले. तेथे प्रश्न बळाचा नव्हता, जुळणीचा होता.

ही विद्या काल-परवाची नव्हे. मिसर देशाच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यात, जे १९२२ साली उघडले, आबनुसाचे पातळ पत्रे जडविलेल्या वस्तू सापडल्या. पुढे चाकूची यंत्रे आली. अर्ध्या मिलिमीटरची पाने काढली तर एक इंच लाकडातून चाळीसहून अधिक निघतात. ती ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने बांधून ठेवावी लागतात. क्रम मोडला की सारी जुळणी मोडली.

सर्वांत मान्य रीत पुस्तकाची. एकाआड एक पान उलटावयाचे, म्हणजे सांध्याच्या दोन्ही अंगांस रेषा आरशातल्यासारख्या समोरासमोर येतात. डोळे असलेल्या अक्रोडास किंवा शिसवीस ती फार शोभते. पण तीत एक खोड आहे. चाकूच्या बाजूस पानावर सूक्ष्म भेगा पडतात, दुसरी बाजू घट्ट राहते. पाने उलटसुलट बसल्याने पॉलिश चढल्यावर एक पट्टा उजळ व एक काळसर दिसतो. म्हणून सरळ रेषेच्या सागास पाने न उलटता नुसती सरकवून लावणे बरे. चार पाने तिरकी कापून मध्यबिंदूशी मिळविली की हिरकणी होते. मध्ये सांधा हवा असेल तर पाने सम संख्येत घ्यावयाची. पाठीमागेही पान चिकटवावेच, नाहीतर फळी वाकते. हे नव्या मंडळींस कितीदा सांगावे!

१९४९ साली मुंबईत उघडलेल्या लिबर्टी चित्रपटगृहाच्या अंतर्भागाची सजावट वामन मोरेश्वर नामजोशी यांची. तेथील लाकूडकाम आजही लोक पाहावयास जातात. कल्पकाचे नाव राहते. रंधा मारणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवीत नाही.

माझे वडील जुहूच्या एका बंगल्यात जेवणघराच्या भिंती करीत होते. गठ्ठ्यातील एक पान मुकादमाने परस्पर दुसऱ्या खोलीत लावले. मालकास काहीच दिसले नाही. वडिलांनी मात्र उरलेली सर्व पाने जमिनीवर पसरून, खडूने आकडे घालून, ते रिकामे घर दाराआड येईल अशी मांडणी पुन्हा केली. दोन दिवसांची मजुरी बुडाली. दार उघडे असले की ते ठिकाण झाकलेलेच राहावयाचे, आणि ते दार ते नेहमी उघडे ठेवावयास सांगत.