तिजोरीची तूट आणि शाळेचे गणित

विशेष प्रतिनिधी

शहरातील मालमत्ता कराच्या देयकात शिक्षण उपकराचा एक रकाना असतो. १९६२ च्या महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियमानुसार महापालिका व नगरपालिका ही रक्कम गोळा करून राज्य शासनाकडे जमा करतात. प्राप्तिकरावरही २००४ पासून शिक्षणाच्या नावाने अधिभार आकारला जातो. तरीही शिक्षकांची पदे रिक्त राहतात आणि विनाअनुदानित शाळांतील शिक्षक आझाद मैदानावर धरणे धरतात. नागरिक शिक्षणासाठी स्वतंत्र कर भरत असताना पैसा कोठे अडतो, हे समजून घेण्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पाची रचना पाहावी लागते.

दोन तुटींतील फरक

वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने यांसारखा दैनंदिन खर्च महसुली उत्पन्नापेक्षा अधिक झाला की जी तूट येते, ती महसुली तूट. कर्जे वगळता सर्व जमा आणि सर्व खर्च यांतील अंतर म्हणजे राजकोषीय तूट. हे अंतर कर्जाने भरून काढले जाते. महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा सुमारे ५ लाख ६१ हजार कोटी, तर महसुली खर्च सुमारे ६ लाख ७ हजार कोटी रुपये दाखविण्यात आला. महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटींची, तर राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींहून अधिक अंदाजित होती. त्याच वर्षी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती.

राज्याला हवे तेवढे कर्जही काढता येत नाही. केंद्राचे देणे शिल्लक असलेल्या राज्याला राज्यघटनेच्या अनुच्छेद २९३ नुसार नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. शिवाय राज्याने २००५ मध्ये स्वतःच राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केला आहे.

कर वाढवावा, तर कोणता?

पूर्वी विक्रीकर आणि २००५ पासून मूल्यवर्धित कर (व्हॅट) हे राज्याच्या हातातील मुख्य साधन होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि दर ठरविण्याचा अधिकार जीएसटी परिषदेकडे गेला. परिषदेत निर्णयासाठी तीन चतुर्थांश मते लागतात आणि त्यांपैकी एक तृतीयांश भार केंद्राचा असतो. महसुलात दरसाल १४ टक्के वाढ गृहीत धरून राज्यांना पाच वर्षे दिलेली नुकसानभरपाईची हमी जून २०२२ मध्ये संपली.

राज्याच्या हाती उरले ते पेट्रोल-डिझेलवरील व्हॅट, मद्यावरील उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, मोटार वाहन कर, वीज शुल्क आणि व्यवसाय कर. यांपैकी व्यवसाय कराला घटनेनेच वर्षाला अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा घातली असून ती १९८८ पासून बदललेली नाही. त्यामुळे पैसा कमी पडला की नजर मद्य आणि मुद्रांकाकडे वळते. जून २०२५ मध्ये मद्यावरील शुल्कात मोठी वाढ झाली ती याच कारणाने.

केंद्राच्या अधिभाराचा उपायही अपुरा आहे. अनुच्छेद २७० नुसार अधिभारातून राज्यांना करवाटपाचा हिस्सा मिळत नाही. पैसा आलाच तर केंद्रपुरस्कृत योजनांमार्फत, केंद्राच्या अटींसह येतो. माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी २००७ मध्ये एक टक्का अधिभार सुरू झाला. त्यासाठीच्या स्वतंत्र निधीला मंजुरी मात्र २०१७ मध्ये मिळाली. उपकराच्या नावात शिक्षण असले म्हणून तेवढी भर शिक्षणखर्चात पडतेच असे नाही.

कपात दिसत नाही, ती अशी

शिक्षणावरील तरतुदीचा फार मोठा भाग वेतनाचा असतो. जिल्हा परिषद व पालिका शाळांबरोबरच खासगी अनुदानित शाळांतील शिक्षकांचे वेतनही शासन देते. नेमलेल्या शिक्षकाचे वेतन कमी करता येत नाही. म्हणून काटकसर नवी नेमणूक, नवे अनुदान आणि नवी शाळा या तीन ठिकाणी होते. अर्थसंकल्पात ती 'कपात' म्हणून कोठेही नोंदली जात नाही. सुधारणा वा धोरण या नावाने येते.

२००० साली आलेल्या शिक्षण सेवक योजनेत नवा शिक्षक पहिली तीन वर्षे मानधनावर काम करतो. हे मानधन दीर्घकाळ सहा ते नऊ हजार रुपये होते. उच्च न्यायालयाच्या ताशेऱ्यांनंतर २०२३ पासून ते सोळा ते वीस हजार झाले. २००१ मध्ये नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. २००९ मध्ये 'कायम' हा शब्द वगळला गेला, पण पात्र शाळांना पहिले २० टक्के अनुदान मिळण्यास २०१६ उजाडले. दरम्यान कित्येक शिक्षकांची उमेदीची वर्षे विनावेतन किंवा तुटपुंज्या पगारावर सरली. २०२३ मध्ये रिक्त जागांवर निवृत्त शिक्षकांना दरमहा वीस हजार रुपयांवर नेमण्याचा निर्णय झाला आणि कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याचा विचारही त्याच वर्षी पुढे आला.

शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव प्रवेशांचा अनुभवही बोलका आहे. या मुलांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासनाने करायची असते आणि ती थकल्याची संस्थाचालकांची तक्रार जुनीच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या परिसरात शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या प्रवेशांतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली. शासनाने नियमातून काढलेली गरीब पालकांच्या मुलांची ही जागा न्यायालयामुळे परत मिळाली.

अर्थसंकल्प कसा वाचावा

दर मार्चमध्ये शिक्षणासाठी किती कोटींची तरतूद झाली, याचे मथळे होतात. महागाई भत्ता आणि वेतनवाढीमुळे हा आकडा आपोआप फुगतो. त्यावरून शाळा सुधारल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. अर्थसंकल्पीय पुस्तकात नव्या अंदाजाशेजारी चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्चही छापलेला असतो. या रकान्यांतील अंतर आणि शिक्षकांच्या रिक्त पदांची संख्या एकत्र ठेवून पाहिली, तर तूट शेवटी कोणाकडून वसूल झाली ते कळते. सुधारणेचा प्रत्येक नवा निर्णय याच कसोटीवर तपासायला हवा: त्यातून वर्गाला शिक्षक मिळणार आहे, की तिजोरीवरील एक वेतन वाचणार आहे?