कोवर्किंगचं कूळ, मुक्काम कर्जत

कोवर्किंगची दोन घराणी आहेत. पहिलं व्यापारी. मार्क डिक्सन या इंग्रजाने 1989 मध्ये ब्रसेल्सला रेगस ही कंपनी काढली. तयार केबिन, स्वागतिका, फोन, सगळं भाड्याने. शेजारच्या केबिनीत कोण बसतं याच्याशी कुणाला देणंघेणं नाही.

दुसरं घराणं फाटक्या खिशाचं. ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरला ऑफिसातली सोबत हवी होती, साहेब नको होता. ऑगस्ट 2005 मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत एका जागेत आठवड्यातून दोन दिवस टेबलं मांडली. दुपारी एकत्र जेवायचं, पावणेसहाला आवरायचं. पहिला महिनाभर कुणी फिरकलंसुद्धा नाही.

जी सोबत त्याला टेबलं मांडून जमवावी लागली, ती कर्जतकरांना रेल्वेच्या पासावर मिळत होती. खोपोलीला गाडी आली 12 मे 1856 ला. आज कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, एका बाजूचे दोन तास सहज. बँकेतला, मंत्रालयातला, मशीद बंदरच्या पेढीवरचा. साहेब निरनिराळे, डबा एकच. लोकलचा ‘ग्रुप’ म्हणजे नुसत्या गप्पा नव्हेत. कुठे जागा निघालीय, कुणाच्या पोरीला स्थळ हवंय, सगळं कल्याणच्या आत कळतं. कुठे टाळ निघतात, लेडीजमध्ये मांडीवर भाजी निवडली जाते, दसऱ्याला डब्याला तोरण लागतं. फार गोडवे गाण्यात अर्थ नाही म्हणा. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटला निम्मं अंग बाहेर असतं आणि नवख्याला ग्रुपवाले दारातूनच जोखतात.

मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत हे सगळं थांबलं. बीपीओवाल्यांना कर्मचारी घरून कामाला लावायचे तर आधी बँक हमी, परवानगी अशी कटकट होती; 5 नोव्हेंबर 2020 च्या दूरसंचार खात्याच्या नियमांनी ती गेली. ज्यांना परत बोलावलं नाही ते घरी उरले. जाण्यायेण्याचे चार तास वाचले, ग्रुप मात्र व्हॉट्सअ‍ॅपपुरता राहिला.

मग फार्महाऊसवाल्यांनी ‘वर्केशन’च्या पाट्या लावल्या. वायफाय, इन्व्हर्टर, पोहायचा तलाव. पण अख्खा बंगला घ्यायचा, तोही एकाच कंपनीच्या टोळक्याने. हे मला सरळ रेगसचं घराणं वाटतं. डोंगर तेवढा जास्तीचा. कर्जत-खोपोलीच्या एकट्या डिझायनरला, अकाउंट्सवालीला त्याचा काय उपयोग?

त्यांच्यासाठी जवळची सोय अभ्यासिकेची: महिन्याची फी, ठरलेली खुर्ची, डोक्यावर पंखा, आजूबाजूला एमपीएससीची पोरं. लॅपटॉप चालतो, बोललेलं चालत नाही. मीटिंग आली की चार्जर गुंडाळून जिन्यात, आणि पावसात वीज गेली की सगळेच खाली टपरीवर. तिथे कटिंग पिताना कुणीतरी हमखास विचारतं, “तुमच्यात फ्रेशर घेतात का हो?”