पहिल्या संसारातली वाटी

आई १९७२मध्ये लग्न होऊन भिलाईला आली, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात मोजक्याच वस्तू होत्या : रॉकेलचा स्टोव्ह, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणे, विळी, दोन पितळी पातेली आणि स्टीलची एक वाटी.

पितळेत आंबट पदार्थ कळकतो. म्हणून भांडे तापवून, नवसागर टाकून, आतून कथलाची कल्हई करावी लागे. कल्हईवाला आला नाही, की आमटीत चिंच घालायची पंचाईत. स्टील आले आणि ही कटकट संपली.

पण त्या यादीत मला मोलाची वाटते ती वाटी. पाकपुस्तके मराठीत आधीही होती; तरी मुली शिकत त्या अंदाजानेच, आई नाहीतर सासू शेजारी उभी असताना. १९७०मध्ये कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ आले. त्यात प्रमाण होते वाटी-चमच्याचे. माहेर-सासर दोन्ही दूर असताना आई त्या वाटीच्या मापाने पुरणपोळी शिकली.

वाटीवर नाव कोरलेले आहे बाबांचे. आईचे नाव घरातल्या एकाही भांड्यावर नाही. तांदूळ मी अजून त्याच वाटीने मोजते.